घडी मोडू न देणारं मीठ

विरारहून निघालेली लोकल वसई सोडून नायगावकडे धावू लागली, की आसपास मिठागरांचे चौकोन दिसू लागतात. खाडीचं पाणी उन्हात आटतं, मीठ तळाशी बसतं आणि वर कडवट पाणी उरतं. तो कडवटपणा मुख्यतः मॅग्नेशियमच्या क्षारांचा. तळाच्या मिठातलं सोडियम आणि वरच्या पाण्यातलं मॅग्नेशियम, दोन्ही आपल्या पेशींतही आहेत. तिथे ती आरएनएची घडी सांभाळतात.

आरएनए हा चार अक्षरांचा धागा: ए, यू, जी आणि सी. ए-यू आणि जी-सी अशा जोड्या जुळल्या की धागा स्वतःवरच दुमडतो आणि केसांच्या पिनेसारखा दिसतो. पण अक्षरांना जोडणाऱ्या प्रत्येक फॉस्फेटवर ऋणभार असतो, आणि सारखे भार एकमेकांना दूर लोटतात. 17 अक्षरांच्या पिनेत असे 16 भार! सोडियम-मॅग्नेशियमसारखे धनभारित आयन भोवती जमतात, तेव्हाच ही घडी टिकते. आरएनए अक्षरशः मिठाला जागतो.

ही घडी पडताना कोणत्याही सूक्ष्मदर्शकातून अणू न् अणू हलताना दिसत नाही. म्हणून संगणकात पाण्याची एक काल्पनिक पेटी रचतात. तिच्यात आरएनए, आयन आणि पाण्याचे हजारो रेणू ठेवतात. प्रत्येक अणूवरचं बल मोजायचं, न्यूटनच्या नियमाने त्याला किंचित सरकवायचं, पुन्हा मोजायचं. एक पाऊल साधारण 2 फेम्टोसेकंदांचं. सेकंदाचा दहा लाखावा भाग पाहायचा, तर 50 कोटी पावलं! छोटी पिन दुमडायला याच्या कितीतरी पट वेळ लागू शकतो. त्यात मॅग्नेशियम आपल्याभोवतीचे पाण्याचे सहा रेणू सहजी सोडत नाही. त्याची वाट पाहता पाहता संगणकही दमतो.

तरीही या पेटीत डोकावणारी माणसं आपल्याकडे आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात कैलास सोनवणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टीआरएनएमधल्या अशाच एका पिनेचा संगणकावर अभ्यास केला आहे. टीआरएनए प्रथिनं बांधताना जनुकाचा संदेश तीन-तीन अक्षरांनी वाचतो. ती तीन वाचक अक्षरं बसलेली असतात पिनेच्या टोकाशी, सात अक्षरांच्या वळशात.

त्यांच्या लगेच शेजारी, पूर्ण धाग्यातल्या 37व्या जागी, बऱ्याच टीआरएनएंमध्ये साधं ए नसतंच. पेशी त्याला रेणूचा एक जास्तीचा तुकडा जोडते, जणू दागिना चढवते. साधं ए असतं, तर समोरच्या 33व्या यूशी त्याची जोडी जमू शकली असती आणि वळसा मिटला असता. दागिना आडवा येतो, वळसा उघडा राहतो आणि वाचन नीट होतं. म्हणजे घडी टिकवायला मीठ हवं, आणि ती नको तिथे पडू नये म्हणून हा दागिना.

आपल्या शरीरातल्या जवळपास प्रत्येक प्रथिनाची सुरुवात एकाच खास टीआरएनएने होते. त्याच्या 37व्या जागीही हाच दागिना असतो. मिठागरं पाहणारे आपले डोळे आणि मीठ ओढणारे तिथले हात, दोन्ही त्या चिमुकल्या उघड्या वळशातूनच घडले आहेत.