बाळाच्या दुधाचे डबे मेळघाटात का पाठवू नयेत?



मागच्या पत्रकात मेळघाटातील कुपोषित बालकांसाठी मदतीचे आवाहन आले. त्यानंतरच्या रविवारी आरती झाल्यावर चार-पाच जणांनी मला गाठून विचारले, "डॉक्टर, बाळाच्या दुधाच्या पावडरीचे डबे दिले तर चालतील ना?" एका काकूंनी तर सहा डबे आणूनही ठेवले होते. मी नको म्हटले, ते काहींना लागले असावे. म्हणून कारण सांगतो.

मेळघाट म्हणजे अमरावती जिल्ह्यातले धारणी आणि चिखलदरा हे सातपुड्यातले दोन तालुके. वस्ती मुख्यतः कोरकू आदिवासींची. निवृत्तीनंतर तिथे गेलो असता अंगणवाडीताईंनी एका मुलाच्या दंडाला पट्टी लावून दाखवली. सहा महिने ते पाच वर्षे वयात दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषण. आपल्या लाटण्याची जाडी साधारण तेवढी असते.

जंगलात अन्न नाही असे नाही. चैत्रात मोहफुले, पावसाळ्यात रानभाज्या, ओढ्यातले मासे-खेकडे. शेतात मका, ज्वारी, कुटकी. पण आषाढ-श्रावणात घरातले धान्य संपत आलेले असते आणि नवे पीक अजून शेतात उभे असते. निंदणीही तेव्हाच, म्हणून आई दिवसभर शेतात आणि तान्हे बाळ थोरल्या बहिणीच्या कडेवर. अंगावरचे पाजणे कमी होते. जुलाब, मलेरिया, न्यूमोनिया यांचेही हेच दिवस. ओढ्यांना पूर आला की दवाखान्याची वाट बंद. पीक निघाल्यावर अनेक कुटुंबे मजुरीसाठी बाहेर पडतात; लेकरे बरोबर जातात आणि अंगणवाडीतला आहार सुटतो. अशा अशक्त मुलाला साधा जुलाबही झेपत नाही. मृत्यूच्या नोंदीत मग न्यूमोनिया किंवा अतिसार लिहिला जातो, उपासमार नाही.

अशा घरात डबा पोचला तर काय होते? पाणी ओढ्याचे किंवा हातपंपाचे, दर वेळी उकळायला सवड नाही. बाटली नीट धुतली जात नाही. डबा पुरवायचा म्हणून दूध पातळ केले जाते. बाळ पाजायचे थांबले की आईचे दूधही आटते, आणि डबा तर पंधरवड्यात संपतो. भारतात १९९२च्या कायद्याने बाळदुधाची पावडर आणि बाटल्या दान करण्यावर बंदीच आहे, अपवाद अनाथाश्रमांचा. टॉनिकच्या बाटल्यांचेही मला फारसे कौतुक नाही.

उपयोग कशाचा होतो, तर सहा महिने निव्वळ आईचे दूध, पुढे त्याच्या जोडीला घरच्याच कुटकी-ज्वारीची डाळ आणि तेल घातलेली मऊ पेज, दिवसातून चार-पाच वेळा. आणि आईचे स्वतःचे जेवण! महाराष्ट्र शासनाची अब्दुल कलाम अमृत आहार योजना आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे गरम जेवण देते, मुलांना अंडी किंवा केळी. (मंदिराच्या पत्रकात अंड्याचे नाव काढले, क्षमा असावी. डॉक्टरची सवय.) घरी जाऊन नवजात बाळ तपासणारी गावातलीच स्त्री किती जीव वाचवू शकते, हे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत दाखवून दिले. त्यांचा अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला.

म्हणून वस्तू नकोत, पैसे द्या. त्यातून गावातल्या अशा कार्यकर्तीचे मानधन निघते, पावसाळ्यात आजारी मुलाला दवाखान्यात न्यायला गाडी मिळते. परस्पर कुणाला पाठवणार असाल, तर त्या संस्थेची एफसीआरए नोंदणी आहे ना, हे आधी विचारा. त्याशिवाय परदेशी देणगी तिला घेता येत नाही.

काकूंनी डबे दुकानात परत केले आणि आलेले पैसे निधीच्या पेटीत टाकले. आपणही पाकिटावर 'मेळघाट' असे लिहावे, म्हणजे खजिनदारांना हिशेब वेगळा ठेवता येईल.