पाठ्यपुस्तक नेमकं ठरवतं कोण?

सुरुवातीलाच कबूल करते, मी कॉन्व्हेंटवाली. मराठी विभागासाठी लेख लिहितेय म्हटल्यावर होस्टेलवर जो हशा पिकला तो अजून कानात आहे. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या ज्या चुका संपादकांच्या नजरेतून सुटल्या असतील त्या माझ्या, गोड मानून घ्या!

विषय सुचला तो घरी, सावद्याला. माझी आत्या सावद्याजवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. २०२५ च्या जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी मी तिच्याबरोबर पुस्तकांचे गठ्ठे सोडायला गेले होते. रिक्षातून आणलेले गठ्ठे, सुतळीच्या गाठी, आणि नव्या कागदाचा तो वास! पहिलीचं पुस्तक त्या वर्षी बदललं होतं. मी सहज विचारलं, "आत्या, हे पुस्तक तुम्ही लोकांनी सिलेक्ट केलं का?"

आत्या हसायलाच लागली. "आम्ही काय सिलेक्ट करणार गं बाई? आम्ही मोजतो, सही करतो आणि कमी पडली तर वर कळवतो."

माझा प्रश्न अगदीच येडपट नव्हता हं. आमच्या शाळेत खालच्या वर्गांना खाजगी प्रकाशकांची पुस्तकं असायची आणि दर एक-दोन वर्षांनी प्रकाशक बदलायचा. दादाची पुस्तकं मला कधीच चालली नाहीत. पप्पा दर एप्रिलला बिल बघून कपाळाला हात लावायचे. म्हणजे पुस्तक शाळा निवडते असंच माझ्या डोक्यात बसलेलं. शिवाय माझी मामेबहीण अमेरिकेत असते. तिथे सरकारी शाळा 'स्कूल डिस्ट्रिक्ट' नावाच्या स्थानिक संस्था चालवतात. असे डिस्ट्रिक्ट तेरा हजारांच्या आसपास आहेत. साधारण पद्धत अशी, की शिक्षकांची समिती तीन-चार कंपन्यांची पुस्तकं मागवते, काही वर्गांत वर्षभर वापरून बघते, पालकांना बघायला ठेवते आणि मग निवडून आलेलं स्कूल बोर्ड उघड सभेत मतदान करतं. टेक्सास, कॅलिफोर्नियासारखी राज्यं आधी स्वतःची मंजूर यादी काढतात, पण शेवटची निवड डिस्ट्रिक्टचीच. तिथेही भांडणं होतात, कंपन्यांचे सेल्समन फिरतात. पण निदान कोणाशी भांडायचं ते माहीत असतं.

मग आपल्याकडे कोणाशी भांडायचं? आपली जिल्हा परिषद म्हणजे डिस्ट्रिक्टच की! शाळा तिच्या, शिक्षक तिचे. पण पुस्तक मात्र तिचं नाही.

याचं उत्तर प्रत्येकाच्या घरात पडलेलं आहे. बालभारतीचं कुठलंही पुस्तक घ्या आणि मुखपृष्ठानंतर जे बारीक अक्षरांचं पान येतं ना, जे आपण आयुष्यात कधी वाचलं नाही, ते वाचा. आपण इंजिनिअर लोक मोटर हातात आली की आधी नेमप्लेट वाचतो, तसं. त्यात विषय समितीची नावं असतात, अभ्यासगटाची नावं असतात, चित्रकार, अक्षरजुळणी, कागद (बहुतेक वेळा ७० जीएसएम क्रीमवोव्ह), मुद्रक आणि मुद्रणादेश, म्हणजे किती प्रती छापल्या तो आकडा. अख्खी सिस्टिम एका पानावर!

आता ही सिस्टिम थोडक्यात. अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मलाही आत्तापर्यंत माहीत नव्हतं. कोणत्या इयत्तेत काय यायला पाहिजे, तो अभ्यासक्रम. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ प्रमाणे तो ठरवायचं काम सरकारने नेमलेल्या शैक्षणिक प्राधिकरणाचं. महाराष्ट्रात ते काम पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे आहे. त्यावरून पुस्तक लिहून घ्यायचं काम बालभारतीचं. बालभारतीचं पूर्ण नाव महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, स्थापना २७ जानेवारी १९६७, मुक्काम पुणे. विषय समिती आराखडा ठरवते, अभ्यासगटातले शिक्षक आणि तज्ज्ञ धडे लिहितात, मसुदा राज्यभरातल्या निवडक शिक्षकांकडून तपासून घेतात. मग उर्दू, हिंदी, गुजराती, कन्नड वगैरे माध्यमांसाठी पुस्तकं तयार होतात. टेंडर येतं ते इथून पुढे, कागदाचं आणि छपाईचं. म्हणजे अमेरिकेत 'मजकूर कोणाचा' यावर स्पर्धा, आपल्याकडे 'छापणार कोण' यावर!

छापल्यावर पुस्तकं बालभारतीच्या भांडारात जातात. आपल्या जळगाव जिल्ह्याला नाशिकचं भांडार. तिथून तालुका, तिथून केंद्रशाळा, तिथून आत्याची रिक्षा. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पुस्तकं फुकट. मागणी मुलांच्या आदल्या नोंदींवरून जाते, त्यामुळे ऐन वेळी केळीच्या कामाला आलेल्या कुटुंबाची दोन पोरं वाढली की दोन पुस्तकं कमी पडतात. मग आत्या मागच्या वर्षीच्या मुलांची जुनी पुस्तकं शोधत बसते.

पूर्वी असं नव्हतं बरं का. १९६७ च्या आधी खाजगी लेखक-प्रकाशकांच्या वाचनमाला असायच्या, सरकार त्या मंजूर करायचं आणि शाळा त्यातून घ्यायच्या. आचार्य अत्र्यांची 'नवयुग वाचनमाला' त्यातलीच, आमच्या आजोबांच्या पिढीला अजून आठवते. कोठारी आयोगाच्या काळात (१९६४-६६) पुस्तकं स्वस्त, एकसारखी आणि दर्जेदार हवीत असा विचार जोरात होता, त्यातून बालभारती उभी राहिली. खरं सांगू, मला तो निर्णय चुकीचा वाटत नाही. सावद्याच्या उर्दू शाळेतली मुलगी, सातपुड्याच्या पायथ्याचा तडवी मुलगा आणि पुण्यातल्या मराठी शाळेतला मुलगा, तिघांच्या पुस्तकात विज्ञान तेच आणि तेवढंच, हे थोडंथोडकं नाही. पप्पांच्या एप्रिलच्या बिलावरून तर ते फारच पटतं.

पण एकच पुस्तक असलं की एका खोलीतला निर्णय लाखो पोरांच्या तोंडी जातो. याचं एक उदाहरण माझ्या अगदी जिव्हाळ्याचं आहे.

दहावीच्या सुट्टीत मी पहिल्यांदा शेतात केळीच्या काट्यावर वजनं लिहायला बसले. आमचा सालदार काका आकडे ओरडायचा, मी वहीत लिहायचे. तो ओरडला, "एकोणसत्तर!" मी लिहिले एकोणऐंशी. पुढे एकोणसाठचे एकोणपन्नास केले. संध्याकाळी हिशेब जुळेना. व्यापारी हसला, पप्पा हसले नाहीत. काका मात्र म्हणाला, "जाऊ द्या भो, ताई इंग्रजी शाळेतली हाये." एकोणसत्तर म्हणजे 'सत्तराला एक कमी' हे मला कोणी शिकवलंच नव्हतं. माझ्या डोक्यात सरळ 'सिक्स्टी-नाईन' होतं.

आता गंमत बघा. २०१९ च्या जूनमध्ये दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात एकवीसऐवजी 'वीस एक', बासष्टऐवजी 'साठ दोन' अशी वाचनाची पद्धत आली. केवढा गदारोळ! विधानसभेपर्यंत चर्चा, विनोद, व्यंगचित्रं. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर. त्यांचं म्हणणं साधं होतं. बोलताना दोन आधी आणि साठ नंतर, लिहिताना साठाचे सहा आधी आणि दोन नंतर, यात लहान मुलं गोंधळतात, जोडाक्षरंही अवघड जातात. आणि जुनी पद्धत बंद केलेली नव्हती, दोन्ही दिल्या होत्या. कानडीत एकवीसला 'इप्पत्तोंदु' म्हणतात, म्हणजे वीस-एकच की! काट्यावर फजिती झालेल्या माझ्यासारखीला हे शंभर टक्के पटतं.

आत्याला विचारलं तर ती म्हणाली, "कल्पना चांगली गं. पण पोरगं घरी जाऊन 'साठ दोन' म्हणालं की बाप म्हणतो, मास्तरीणबाईंना पाढे येत नाहीत! आम्हाला आधी कोणी विचारलं असतं तर आम्ही सांगितलं असतं, पहिलं वर्ष आईबापांना शिकवा." मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटलं. कल्पनेत खोट नव्हती, पण ती वर्गात टिकायला काय लागेल हे ज्यांना माहीत होतं ते मोजणी आणि सही करण्यात होते.

दुसरं उदाहरण कोऱ्या पानांचं. २०२३-२४ पासून काही इयत्तांच्या पुस्तकांत धड्यांबरोबर वहीची पानं घातली. हेतू चांगला, दप्तर हलकं व्हावं आणि गरिबाला वही घ्यावी लागू नये. प्रत्यक्षात पोरं वह्या आणतच राहिली आणि २०२५ च्या जानेवारीत सरकारने योजना बंद केली. आपण साधा प्रोजेक्ट करताना आधी ब्रेडबोर्डवर सर्किट लावून बघतो, डायरेक्ट पीसीबी छापत नाही. इथे डायरेक्ट पीसीबी, तीही लाखांत!

अख्खं बोर्डच वेगळं घ्यायचे प्रयोगही झालेत. २०१८ च्या सुमारास राज्याने महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ काढून जिल्हा परिषदेच्या काही निवडक शाळा त्याला जोडल्या. सरकार बदललं, मंडळ गुंडाळलं, मुलं पुन्हा जुन्या अभ्यासक्रमावर. मुंबई महापालिकेने २०२० पासून स्वतःच्या काही शाळांत सीबीएसई आणि आयसीएसई आणलं, पुढे केंब्रिज आणि आयबीसुद्धा. अमेरिकेतल्या डिस्ट्रिक्टच्या सगळ्यात जवळ जाणारं आपल्याकडचं उदाहरण हेच असावं. पण मुंबई महापालिकेची तिजोरी कुठे आणि आपली कुठे! सावद्याच्या आसपास कोणी आयबीचं नाव काढलं तर लोकांना ते केळीचं नवीन वाण वाटेल.

मत मांडायची सोय अजिबात नाही असंही नाही. २०२४ च्या मे महिन्यात राज्य अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला केला होता, मुदत जूनच्या सुरुवातीपर्यंत. मे महिना! शाळांना सुट्टी, खान्देशात पारा पंचेचाळीसच्या घरात, अर्धे शिक्षक लग्नसराईत. आत्याने तो मसुदा मोबाईलवर उघडला, दहा-बारा पानं वाचली आणि डोळे दुखले म्हणून ठेवून दिला.

आणि २०२५ चं तिसऱ्या भाषेचं प्रकरण तर सगळ्यांना आठवत असेल. १६ एप्रिलला पहिलीपासून हिंदीचा जीआर, १७ जूनला सुधारित जीआर, २९ जूनला दोन्ही रद्द आणि डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती. राजकारण बाजूला ठेवा, मला त्या सुधारित जीआरमधला एक आकडा लक्षात राहिलाय. हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी असेल तर इयत्तेत किमान वीस विद्यार्थ्यांची मागणी पाहिजे. आत्याच्या शाळेत पहिलीला अकरा मुलं. म्हणजे सगळ्या वर्गाने हात वर केला असता तरी नऊ हात कमीच!

मग गावाच्या हातात काय उरतं? कायद्याने प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, त्यात पाऊणशे टक्के पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. ही समिती शाळेचा विकास आराखडा करते, खर्चावर लक्ष ठेवते. पुस्तकाला हात लावू शकत नाही. पण 'डिजिटल शाळा'ची लाट आली तेव्हा लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आणि ई-लर्निंगचं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं आणि आत्याच्या गावाने पहिल्यांदा स्वतः काहीतरी निवडलं. दोन विक्रेते डेमो द्यायला आले. एकाच्या सॉफ्टवेअरमध्ये गाणी छान होती, दुसऱ्याचे धडे पुस्तकाला धरून होते. एका आईने विचारलं, "लाईट गेल्यावर चालीन का?" पहिला गडबडला, दुसऱ्याने बॅटरीवर लावून दाखवलं. त्याचंच घेतलं. आत्या म्हणते, इतकी बारीक चौकशी तिने कुठल्याच ट्रेनिंगमध्ये ऐकली नाही.

एक गोष्ट लिहू की नको असं वाटत होतं, पण लिहिते. निवड म्हणाल तर आमच्या घराने केव्हाच केलेली आहे. आत्या तीस पोरांना बालभारती शिकवते आणि तिची स्वतःची दोन्ही मुलं माझ्यासारखीच पिवळ्या बसने इंग्रजी शाळेत जातात. मी तिला हे विचारलं तेव्हा ती गठ्ठ्याची सुतळी गुंडाळत होती. "तुझे मामंजी ऐकत नाहीत," एवढंच म्हणाली. मग थोड्या वेळाने पहिलीचं नवं पुस्तक उघडून चित्रं बघत बसली आणि म्हणाली, "पुस्तक मात्र चांगलं केलंय यावेळी. हे चिंट्याला घरी दाखवायला पाहिजे."

अकरा पुस्तकं मोजून झाली होती. बारावं जास्तीचं आलं होतं. तिने ते परत केलं नाही, कपाटात ठेवलं. कटाईच्या टोळीबरोबर एखादं पोरगं येईलच म्हणाली.