ढोल उरला, ओवी कुठे?

आश्विनात पावसाने उघडीप दिली, की कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटरवरचे पट्टणकोडोली हे हातकणंगले तालुक्यातील गाव पिवळे होते. विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेसाठी महाराष्ट्रातून, तसेच कर्नाटक, गोवा आणि आंध्र प्रदेशातून धनगर समाजाचे भाविक येथे येतात. देवावर, पालखीवर, मानकऱ्यांवर भंडारा उधळला जातो; त्याच्या जोडीला खारीक, खोबरे आणि लोकर. रस्ते, छपरे, वाहने, माणसांच्या पापण्यासुद्धा हळदीच्या रंगाच्या होतात. दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांना एवढा रंग पुरतो. त्यामुळे ही यात्रा दरवर्षी घराघरांत पाहिली जाते, पण ती फारशी ऐकली जात नाही.

वास्तविक ऐकण्यासारखे येथे पुष्कळ आहे. यात्रेत गावोगावचे धनगर आपापले ढोल आणि कैताळ घेऊन येतात. गळ्यात अडकवलेला जड ढोल, त्याच्यावर टिपरूचा आणि हाताचा आघात, आणि त्याला साथ देणारी कैताळांची, म्हणजे मोठ्या झांजांची, लय. एक मेळ थांबतो तोवर पलीकडचा सुरू झालेला असतो; कित्येकदा चार-पाच मेळ एकाच वेळी वाजत असतात आणि तरीही प्रत्येकाचे पाय आपल्याच ढोलाला धरून पडतात. पांढरा पोशाख, डोक्याला पटका, हातात रंगीत रुमाल अशा वेशातली माणसे ढोलाभोवती रिंगण धरून गजीनृत्य करतात. व्यासपीठ नाही, तिकीट नाही, निवेदक नाही, कलाकारांच्या नावांची यादी नाही. कोणी कोठे उभे राहायचे आणि कोणाची पालखी कोणाच्या आधी जायची, हे मानाच्या जुन्या रिवाजाने ठरते.

पाश्चात्त्य देशांत मातीतल्या संगीताच्या मेळ्याला ‘रूट्स’ संगीत महोत्सव म्हणण्याची पद्धत आहे. आयर्लंडमधील किलकेनी या मध्ययुगीन किल्ल्याच्या गावात १९९८पासून असा एक महोत्सव मे महिन्याच्या आरंभी भरतो. तेथे जे वाजते ते मात्र मुख्यतः अमेरिकेचे ग्रामीण संगीत: गिटार, फिडल, बँजो आणि कष्टकऱ्यांच्या कथागीतांचा वारसा. वरवर पाहता हे विचित्र वाटते. परंतु त्या संगीतातील फिडलच्या चाली आणि कथागीते यांचा बराच भाग आयर्लंड-स्कॉटलंडच्या स्थलांतरितांनीच अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत समुद्रापार नेला होता. तेथे त्याची गाठ आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या बँजोशी पडली आणि नवे रूप तयार झाले. किलकेनीत येते ते एका अर्थी माहेरी आलेले संगीत. मात्र आज त्याला जगवणारी व्यवस्था आहे ती तिकिटांची, प्रायोजकांची आणि गावातल्या मद्यालयांची. पट्टणकोडोलीच्या संगीताला जगवणारी व्यवस्था वेगळी आहे, आणि तिचा कणा मेंढ्यांचे कळप हा आहे.

ही यात्रा आश्विनातच का, याचे उत्तर त्या कळपांकडे आहे. दख्खनच्या पठारावरील मेंढपाळ धनगर पावसाळ्यात आपल्या कोरड्या मुलखात, गावाजवळच्या माळांवर असतो. अति पाऊस आणि चिखल मेंढराला सोसत नाही. खुरे कुजतात, रोग होतात. पावसाळा सरला आणि माळावरचे गवत वाळू लागले, की वाडा हलतो. कोणी कोकणाकडे उतरतो, कोणी नदीकाठच्या बागायतीकडे सरकतो. पिके निघालेल्या रानात मेंढरे बसवायची, त्यांच्या लेंडीखताच्या मोबदल्यात शेतकऱ्याकडून धान्य किंवा रोख घ्यायची, आणि पुढच्या पावसाच्या आधी माघारी फिरायचे, असे हे चक्र. म्हणजे आश्विन हा विखुरलेल्या माणसांचा एकत्र असण्याचा अखेरचा काळ. सोयरिकी ठरवायच्या, तंटे मिटवायचे, देणीघेणी पाहायची आणि वाटेला लागण्यापूर्वी देवाला भेटायचे, हे सारे याच दिवसांत. दिवाळीच्या सुमारास मंगळवेढा तालुक्यातील हुलजंती येथे महालिंगरायाच्या यात्रेत पालख्यांची भेट होते, तीही याच ऋतूत.

ढोलाचा संबंध समुदायाशी, तर ओवीचा स्मृतीशी. मराठी वाचकाला ओवी म्हटले की ज्ञानेश्वरी किंवा जात्यावरची गाणी आठवतात. धनगरी ओवी त्या दोन्हींहून निराळी आहे. ती पुरुष गातात, बहुधा रात्री, आणि ती दीर्घ कथा सांगते. आरंभी ‘सुंबरान’ मांडले जाते. सुंबरान म्हणजे स्मरण. गावोगावच्या देवतांची नावे घेऊन त्यांना गाण्यास बोलावणे. मग मुख्य गायक कथेचा एक तुकडा गातो, साथीदार तो उचलतात, आणि गाऊन झालेला भाग पुन्हा गद्यात, बोलीभाषेत, तपशील वाढवून सांगितला जातो. असे गाणे आणि सांगणे आळीपाळीने चालत राहते. बिरोबाचा जन्म, रानातले त्याचे वाढणे, त्याच्या बहिणीचा जिव्हाळा, लग्नासाठी केलेला खटाटोप अशी प्रकरणे एका बैठकीत संपत नाहीत; कधी रात्र सरते, पण कथा उरते. लिखित संहिता नसते. ऐकणाऱ्यांना कथा ठाऊक असते, म्हणूनच गाणाऱ्याला त्यात भर घालण्याची मोकळीक मिळते.

या कथांना आणखी एक उपयोग होता, तो शहरी श्रोत्याच्या सहसा ध्यानात येत नाही. ओवीतला देव सतत चालत असतो. तो कोणत्या ओढ्यावर थांबला, कोणत्या माळावर त्याने मेंढरे बसवली, कोणत्या गावाने त्याला पाणी दिले आणि कोणत्या गावाने हाकलले, याची नोंद ओवी ठेवते. ज्या समाजाचे निम्मे वर्ष वाटेवर जाते त्याच्यासाठी असे गाणे हाच नकाशा आहे. सांगली जिल्ह्यातील आरेवाडीचे बिरोबाचे बन, बेळगाव जिल्ह्यातील चिंचलीची मायाक्का, जी बिरोबाची बहीण मानली जाते, आणि पट्टणकोडोली ही ठाणी या नकाशात एका कुटुंबाची घरे आहेत. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत त्यांपैकी एक घर दुसऱ्या राज्यात गेले. देवाच्या भेटीगाठींवर त्याचा परिणाम झाला नाही. मराठी आणि कानडी दोन्ही भाषा पट्टणकोडोलीच्या गर्दीत आजही सहज कानी पडतात.

या ओव्यांकडे विद्वानांचे लक्ष वेधणाऱ्यांत गुंथर सोन्थायमर यांचे नाव अग्रभागी येते. हायडेलबर्ग विद्यापीठातील हा जर्मन अभ्यासक मूळचा हिंदू कायद्याचा जाणकार. महाराष्ट्रात आल्यावर तो धनगरांच्या वाड्यांवर राहिला, त्यांच्या ओव्या ध्वनिफितींवर घेतल्या आणि बिरोबा, म्हसकोबा व खंडोबा या दैवतांवरचा ग्रंथ १९७६मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध केला. त्याचा इंग्रजी अनुवाद १९८९मध्ये आला. सोन्थायमर १९९२मध्ये निवर्तले. त्यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या बिरोबाच्या आणि धुळोबाच्या दोन दीर्घ ओव्यांचा इंग्रजी अनुवाद अॅन फेल्डहाउस यांनी रामदास अटकर आणि राजाराम झगडे यांच्या सहकार्याने सिद्ध केला आणि तो २०१४मध्ये पुस्तकरूपाने आला. मराठीतून गायलेली कथा इंग्रजीत शोधावी लागावी, ही आपल्याकडच्या सांस्कृतिक संस्थांना फारशी भूषणावह बाब नव्हे.

मराठीत या दैवतजोडीचा मागोवा डॉ. रा. चिं. ढेरे यांनी घेतला. ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या १९८४च्या ग्रंथात त्यांनी पंढरपूरचा विठ्ठल मुळात गवळी-धनगरांचा देव असावा, असे प्रतिपादन केले. ज्या विठ्ठलाच्या शेजारी रुक्मिणीऐवजी बिरदेव उभा आहे, अशी ठाणी त्या विवेचनात महत्त्वाची ठरतात. वारकऱ्यांचा विठोबा आणि मेंढपाळांचा विठोबा यांच्यातला हा दुवा पट्टणकोडोलीत कोणी सिद्धान्त म्हणून मांडत नाही. तेथे दोन्ही देवांची नावे एका श्वासात घेतली जातात, इतकेच.

यात्रेचा उत्कर्षबिंदू म्हणजे फरांडेबाबांची भाकणूक. सोलापूर जिल्ह्यातील अंजनगावाहून पायी आलेले हे मानकरी तलवार घेऊन हेडाम खेळत देवळाकडे निघतात, त्यांच्यावर भंडाऱ्याचा वर्षाव होतो आणि नंतर ते पाऊस, पिके, महागाई, रोगराई, राजकारण यांविषयी पुढील वर्षाचे कथन करतात. वृत्तपत्रे दुसऱ्या दिवशी हे कथन छापतात आणि त्यातले काय खरे ठरले याची चर्चा वर्षभर चालते. भाकणुकीवर विश्वास ठेवावा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मात्र तिच्यातील क्रम पाहण्यासारखा आहे: पाऊस आणि धान्य यांची चिंता तीत असतेच असते. माळावरच्या माणसाला वर्षाच्या या टप्प्यावर दुसरे काय जाणून घ्यायचे असणार?

गर्दी पाहता ही परंपरा भक्कम आहे, असे वाटते, आणि ढोलापुरते ते खरेही आहे. तरुण मोठ्या संख्येने ढोल शिकतात. मिरवणुका, विवाह, राजकीय सभा यांतही धनगरी ढोलाला मागणी आहे. युवक महोत्सवांच्या मंचावर गजीनृत्य हमखास असते. अडचण आहे ती ओवीची. मंचावर मिळतात दहा-पंधरा मिनिटे. तेवढ्यात रिंगण होते, रुमाल फिरतात, टाळ्या मिळतात. कथा त्यात मावत नाही. मग सुंबरानाचे दोन शब्द शोभेपुरते घेतले जातात आणि पुढे नुसती लय. कलेचा जो भाग डोळ्यांना दिसतो तो व्यासपीठाने उचलला आणि ऐकण्याचा भाग मागे सोडला.

पण दोष एकट्या व्यासपीठाला देणे सोपे आहे. रात्रभर ओवी ऐकायला रात्रभर मोकळी असणारी माणसे लागतात, आणि ती वाड्यावरच्या जागरणात होती. मेंढरांची राखण करताना रात्र काढावीच लागे; ओवीने ती सुसह्य होई. आता गायराने आक्रसली, माळ नांगराखाली, उसाखाली किंवा कारखान्यांच्या वसाहतींखाली गेले. लोकरीला भाव उरला नाही. एकेकाळी दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीवर सणगरांचे माग चालत. पट्टणकोडोलीची घोंगडी त्यासाठी ओळखली जात असे. आता मेंढपाळांचा कल मांसासाठी चांगल्या वाढणाऱ्या माडग्याळ जातीकडे आहे, आणि तिच्या अंगावर कातरण्याजोगी लोकर फारशी नसते. देवावर उधळण्याची लोकर ही त्या अर्थव्यवस्थेची खूण आहे.

आणि धनगराच्या मुलाने मेंढरांमागेच राहावे, म्हणजे आपली लोककला टिकेल, अशी अपेक्षा शहरातल्या रसिकाने धरणे हा तर अन्यायच. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा निकाल एप्रिल २०२५मध्ये लागला, तेव्हा कागल तालुक्यातील यमगे गावचे बिरदेव डोणे मेंढरे चारत होते. यशाची ती बातमी राज्यभर गाजली. त्यांच्या नावातला देव कोणता, हे मात्र थोड्यांनीच विचारले.

प्रसंग गेला की गाणे जाते, याचे ठळक उदाहरण महाराष्ट्राने पाहिलेले आहे. पिठाची गिरणी आली आणि जात्यावरच्या ओव्या थांबल्या. त्या उरल्या त्या गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या टिपून घेतल्या म्हणून. शेजारच्या कर्नाटकात दुसरा मार्ग दिसतो. बिरेश्वराला मानणाऱ्या कुरुब समाजाचे डोळ्ळु कुणिता हे ढोलनृत्य तेथे राज्याची ओळख बनले; त्याची शिबिरे भरतात, स्त्रियांचीही पथके आहेत. त्यातून नृत्याला बळ मिळाले. अमेरिकेत १९२७मध्ये ब्रिस्टल या डोंगराळ भागातील गावात एका ध्वनिमुद्रिका कंपनीने तात्पुरते मुद्रणस्थान उभारले आणि कार्टर कुटुंब, जिमी रॉजर्स अशा गायकांचे आवाज तबकड्यांवर गेले. आज किलकेनीत गाणारी पिढी त्या तबकड्यांना आपले पूर्वज मानते. मात्र तबकडीची बाजू तीनेक मिनिटांची होती. त्या मापात न बसणारी कथागीते तेथेही कापली गेली.

धनगरी ओवीला आता मिनिटांचे बंधन नाही. खिशातल्या मोबाइलमध्ये अख्खी रात्र मावते. अडचण साधनांची उरलेली नाही, गाणाऱ्याला शेवटपर्यंत गाऊ देण्याची आहे. समाजमाध्यमांवर यात्रेच्या ज्या चित्रफिती फिरतात, त्यांत बहुतेक अर्ध्या मिनिटाच्या, भंडारा उधळतानाच्या.

करोनाच्या काळात, ऑक्टोबर २०२०मध्ये, राज्यभरातील मंदिरे भाविकांसाठी बंद होती. निर्बंध उठल्यावर गर्दी पूर्वीसारखीच परतली, ढोलही परतले. यात्रा आटोपली, की त्यांतले बहुतेक ढोल टेम्पोत चढतात आणि घरी जातात. थोडे वाडे अजूनही घोड्यांवर बिऱ्हाड लादून कोकणाच्या वाटेला लागतात. सगळी बिरोबाची ओवी म्हणू शकणारा म्हातारा त्यांच्यापैकी एखाद्या वाड्यावर अजून भेटतो. त्याला ऐकायचे, तर यात्रेच्या दिवशी त्याला वेळ नसतो. मागाहून, मेंढरे बसल्यावर, रात्री जावे लागते.