दोन आवाज, एक स्पीकर

गणपतीच्या दिवसांत साताऱ्यातल्या नाहीतर सांगलीतल्या एखाद्या गल्लीतल्या मंडपात डोकावा. स्पीकरची जोडी एकच, पण हक्क सांगणारे तिघे: आरतीचा माइक, कुणाचा तरी मोबाइल आणि रात्री देखाव्याचे निवेदन वाजवणारा लॅपटॉप. सारखी पिन काढा-घाला नको म्हणून कार्यकर्ते दोन तोंडांची वायर आणतात आणि मोबाइल, लॅपटॉप एकत्र जोडून मोकळे होतात. मग आवाज बसतो, फाटतो आणि शिव्या स्पीकरला पडतात.

खरा घोळ त्या जोडाचा असतो. मोबाइल किंवा लॅपटॉपमधून आवाजाचा विद्युतसंदेश बाहेर पडतो, त्या ठिकाणी विजेला अडथळा फार थोडा, बहुधा शंभर ओहमच्या आतबाहेर. अँप्लिफायरच्या तोंडाशी तो दहा हजार ओहम किंवा त्याहूनही जास्त असतो. त्यामुळे मोबाइलचा संदेश अँप्लिफायरकडे जायचा सोडून बराचसा शेजारच्या लॅपटॉपमध्ये शिरतो. दोन्ही यंत्रे एकमेकांवर ताण देत बसतात. (एका मोबाइलचा आवाज दोन अँप्लिफायरना वाटायला मात्र हीच वायर खुशाल चालते.)

यावर उपाय म्हणजे छोटा मिक्सर. त्यात प्रत्येक आवाजाच्या वाटेत स्वतंत्र रोधक आणि स्वतंत्र बटण असते, म्हणून एक दुसऱ्यात घुसत नाही. घरी टीव्ही आणि मोबाइल आलटून पालटूनच ऐकायचे असतील, तर मिक्सरही नको. साधा निवड-स्विच पुरतो.

लॅपटॉप चार्जरला लावला की स्पीकरमधून घूं असा आवाज येतो, तो बहुधा दोन यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या विजेचा. दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर घ्या. तरीही न थांबल्यास मध्ये ऑडिओ आयसोलेटर लावा. अर्थची पिन तोडली की घूं थांबते, हा सल्ला मात्र कुणी दिला तरी ऐकू नका. भाद्रपदातला मंडप, ओली जमीन आणि हातात लोखंडी माइक: तिथे ती पिन जीव वाचवते.

आता कानाचे. सारख्याच जोराचे दोन वेगळे आवाज एकत्र आले की पातळी 3 डेसिबलने वाढते. ऐकताना फरक किरकोळ वाटतो, पण ध्वनिऊर्जा दुप्पट झालेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास सोसतो, 83 चा फक्त 20 तास. म्हणून मिक्सरवर दुसरा आवाज चढवताना पहिला थोडा उतरवावा.

आपल्याकडे स्पीकरच्या भिंतीला ‘डॉल्बी’ म्हणतात, ही एक गंमतच. रे डॉल्बी या अभियंत्याचे नाव झाले ते टेपवरची खरखर कमी करण्याच्या तंत्राने!

मिक्सरवर बसणारा मुलगा बहुतेक वेळा स्पीकरच्या अगदी जवळ असतो, तोही रोज चार-पाच तास. त्याला कानात घालायचे बोळे द्या. दुसऱ्या दिवशीही कानात शिट्टी वाजत राहिली किंवा ऐकू कमी आले, तर विसर्जनाची वाट न पाहता त्याला कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्या.