पदवी कपाटात, नाव यादीत नाही

आठवीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात ‘राज्यशासन’ हा धडा आहे. तो शिकवताना विधान परिषदेचा विषय निघाला, तेव्हा मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, “शिक्षकांचा आमदार वेगळा असतो, म्हणजे तुम्ही दोनदा मत देता?” आम्ही म्हणालो, “दोनदा नाही, चारदा. लोकसभेला, विधानसभेला, पदवीधर मतदारसंघात आणि शिक्षक मतदारसंघात.” वर्ग हसला. ती मुलगी मात्र हसली नाही. ती म्हणाली, “माझी अम्मी बीए आहे. ती तर दोनदाच देते.”

त्या दिवशी संध्याकाळी घरी आल्यावर आम्ही आमच्याच घरातल्या पदव्या मोजल्या. बीए, बीकॉम, बीएस्सी धरून पदवीधर पाच निघाले. पदवीधर मतदारयादीत नावे दोन. उरलेल्या तिघी स्त्रिया होत्या. शिकवणाऱ्याच्या घरची ही गत, तर बाकीच्यांचे काय, असा विचार मनात आला आणि हा लेख लिहायला घेतला.

महाराष्ट्राच्या विधिमंडळाची दोन सभागृहे आहेत. विधानसभेत २८८ आमदार असतात. त्यांना १८ वर्षांवरील सर्व नोंदलेले मतदार थेट निवडतात. वरचे सभागृह म्हणजे विधान परिषद. तिचे सदस्य ७८. हे सभागृह एकदम बरखास्त होत नाही. प्रत्येक सदस्याची मुदत सहा वर्षांची आणि दर दोन वर्षांनी सुमारे एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. आज देशात फक्त सहा राज्यांत असे वरचे सभागृह आहे.

या ७८ जणांत १२ जणांना राज्यपाल नेमतात. साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा यांतली माणसे तिथे यावीत, अशी घटनेची अपेक्षा आहे. कवी ग. दि. माडगूळकर आणि ना. धों. महानोर याच वाटेने आमदार झाले. काहींना विधानसभेचे आमदार निवडतात. काहींना जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका यांचे सदस्य निवडतात. आणि ७ जागा पदवीधरांच्या, ७ जागा शिक्षकांच्या. मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), अमरावती आणि नागपूर असे हे सात विभाग. आपली पाली कोकण विभागात येते. पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांचा मिळून एक पदवीधर आमदार आणि एक शिक्षक आमदार.

आता संख्या पाहा. विधानसभेच्या एका मतदारसंघात राज्यात सरासरी तीन लाखांहून जास्त मतदार असतात. २०२४ च्या जूनमध्ये कोकण पदवीधरची निवडणूक झाली, तेव्हा पाच जिल्ह्यांची मिळून यादी सव्वादोन लाखांच्या आसपास होती. ठाणे, कल्याण, नवी मुंबई, पनवेल ही सगळी मोठी शहरे धरून! या भागात पदवीधर इतकेच आहेत, यावर कोण विश्वास ठेवील? पदवीधर पुष्कळ आहेत, पण त्यांनी अर्जच भरलेला नाही.

हीच या यादीची गोम आहे. विधानसभेच्या यादीसाठी गावातला बीएलओ घरी येऊन विचारतो. पदवीधर आणि शिक्षक यांच्या यादीसाठी कोणी दारात येत नाही. शिवाय ही यादी दर निवडणुकीला नव्याने तयार होते. मागच्या वेळी नाव होते म्हणून या वेळी असेलच, असे नाही. ज्याला मत द्यायचे आहे त्याने दर सहा वर्षांनी स्वतः उठून अर्ज करायचा.

युरोपातल्या आयर्लंडची गोष्ट इथे सांगावीशी वाटते. आपल्या घटनेतली मार्गदर्शक तत्त्वे आयर्लंडच्या घटनेवरून घेतली, हे आपण शाळेत शिकलो आहोत. त्या देशाची लोकसंख्या मुंबई शहराच्या निम्मीही नाही. त्यांच्या वरच्या सभागृहाला ‘शानाद’ म्हणतात. त्यात ६० सदस्य. ११ जणांना पंतप्रधान नेमतात, ४३ जणांना मुख्यतः खासदार आणि नगरसेवक निवडतात आणि ६ जणांना पदवीधर निवडतात. आपल्या विधान परिषदेचे जणू धाकटे भावंडच.

पण तिथे पदवीधरांचे हे मत अनेक वर्षे ट्रिनिटी कॉलेज आणि नॅशनल युनिव्हर्सिटी या दोनच संस्थांच्या पदवीधरांना होते. हा हक्क इतर संस्थांनाही देता यावा, असा कौल लोकांनी १९७९ च्या सार्वमतात दिला. तरी सरकारांनी कायदा केला नाही. शेवटी लिमेरिक विद्यापीठाचा एक पदवीधर कोर्टात गेला. २०२३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि २०२४ मध्ये नवा कायदा झाला. जे मत मिळवायला त्या लोकांना ४० वर्षांहून जास्त थांबावे लागले, ते आपल्याला घटनेने पहिल्यापासून दिले आहे आणि आपण एक अर्ज भरायचा कंटाळा करतो.

मत देण्याची रीतही आयर्लंड आणि आपली सारखीच. इथे मशीन नसते, कागदाची मतपत्रिका असते. बरोबरची खूण करायची नाही. आवडत्या उमेदवारापुढे १ लिहायचा, त्याच्या खालोखाल वाटणाऱ्यापुढे २, मग ३. पेन मतदान केंद्रावर देतात तेच, जांभळ्या शाईचे. ‘एक’ असे अक्षरात लिहिले, सही केली किंवा १ हा आकडाच कुठे नसला, तर मत बाद. शिकलेल्या लोकांची मते इथे शेकड्यांनी बाद होतात, ही शरमेची गोष्ट आहे.

मोजणी कशी होते ते उदाहरणाने पाहू. समजा १००० वैध मते आहेत आणि चार उमेदवार. जिंकायला निम्म्याहून एक जास्त, म्हणजे ५०१ मते लागतात. पहिल्या पसंतीची मते अशी पडली: ४२०, ३३०, १७० आणि ८०. कोणाचेच ५०१ झाले नाहीत. मग सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या ८० मतपत्रिकांवरची दुसरी पसंती पाहिली जाते. त्यातल्या २० पहिल्याला, ५० दुसऱ्याला, १० तिसऱ्याला गेल्या. आता झाले ४४०, ३८० आणि १८०. मग १८० वाला बाद. त्याच्या ५० पहिल्याकडे आणि १३० दुसऱ्याकडे गेल्या. पहिला ४९०, दुसरा ५१०. सुरुवातीला मागे असलेला दुसरा उमेदवार जिंकला. म्हणून १ लिहून थांबू नये. २ आणि ३ यांनाही किंमत आहे.

“पण या सभागृहाचा उपयोग काय?” असे लोक विचारतात. अधिकार कमी आहेत, हे खरे. अर्थविषयक विधेयक ही परिषद जास्तीत जास्त १४ दिवस ठेवू शकते. साधे विधेयक पहिल्यांदा तीन महिने आणि विधानसभेने पुन्हा पाठवले तर आणखी एक महिना. अखेरचा शब्द विधानसभेचा. आयर्लंडमध्ये २०१३ मध्ये शानाद बंद करावे का, असे लोकांना विचारले गेले. थोड्या फरकाने लोकांनी ‘नको’ म्हटले. घाईने होणाऱ्या कामाला कोणीतरी थांबवून विचारणारे असावे, असे त्यांना वाटले असेल. आपल्याकडे तर रोजगार हमी योजनेची कल्पना मांडणारे वि. स. पागे याच विधान परिषदेचे सभापती होते. १९६० ते १९७८ अशी १८ वर्षे. दुष्काळात हाताला काम देणारी ती योजना पुढे देशाला वाट दाखवणारी ठरली.

आपल्या दीनमध्ये मशवऱ्याला किती मान आहे, हे सांगायला नको. कुरआन शरीफमधल्या एका सूरेचे नावच ‘शूरा’ आहे. आपले उलमा मताला अमानत आणि गवाही म्हणतात. गवाही द्यायची पाळी आली आणि आपण घरात बसून राहिलो, तर ती गवाही गेली कुठे?

आता कामाचे बोलू. निवडणुकीआधीच्या १ नोव्हेंबरला पदवी मिळून तीन वर्षे झालेली असावीत आणि अर्जदार त्या विभागात राहणारा असावा. पदवीधरांसाठी नमुना १८ आणि शिक्षकांसाठी नमुना १९. शिक्षक यादीत माध्यमिक शाळेत किंवा त्यावर शिकवणारे येतात, गेल्या सहा वर्षांत तीन वर्षे नोकरी झालेले. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक उर्दू शाळेतल्या आमच्या भाऊ-बहिणींना तिथे जागा नाही, पण पदवी असेल तर पदवीधर यादीत ते येऊ शकतात. पदवी प्रमाणपत्राची किंवा शेवटच्या वर्षाच्या गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत, फोटो आणि राहण्याचा पुरावा जोडून अर्ज तहसील कार्यालयात द्यायचा.

स्त्रियांचा अर्ज अडतो तो नावावर. पदवी माहेरच्या नावाची, आधार आणि मतदार कार्ड सासरच्या नावाचे. आमच्या घरातल्या तिघींचे हेच झाले होते. नाव बदलल्याचा पुरावा जोडावा लागतो आणि तो शोधण्यात शेवटची तारीख निघून जाते. तो कागद आजच काढून पदवीबरोबर एका फाईलमध्ये ठेवला, तर पुढचे सोपे होते. आणखी एक सोय आहे. एकगठ्ठा अर्ज स्वीकारत नाहीत, पण एका घरातल्या सगळ्यांचे अर्ज घरातला एक जण नेऊन देऊ शकतो. आपल्या कोकणात कितीतरी घरांतले पुरुष आखातात आहेत आणि घर सांभाळणाऱ्या सुना-लेकी पदवीधर आहेत. त्यांचे अर्ज सासऱ्याने किंवा दिराने नेऊन दिले, तर काय बिघडेल?

कोकण शिक्षकची निवडणूक २०२३ च्या जानेवारीत झाली, म्हणजे पुढची २०२९ मध्ये. कोकण पदवीधरची २०३० मध्ये. पुणे, औरंगाबाद आणि नागपूर पदवीधर, तसेच पुणे आणि अमरावती शिक्षक यांच्या निवडणुका २०२० च्या डिसेंबरमध्ये झाल्या. त्यांची मुदत २०२६ ला संपते. तिकडच्या वाचकांनी आपले नाव आधी पाहून घ्यावे.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला आम्ही नमुना १८ ची प्रत दिली आणि म्हणालो, “अम्मीला दे. आत्ता भरायचा नाही, पण कोणते कागद लागतात ते पाहून ठेवायला सांग.” चार दिवसांनी तिने येऊन सांगितले, “अम्मीची पदवी सापडली. कपाटात चादरींच्या खाली होती.” आमच्या घरच्या तिघींचीही फाईल आता तयार आहे.