झोपेत कान कुठे जातात?

सकाळी सहाचा अलार्म. टिर्रर्र, टिर्रर्र! शेजारच्या खोलीतले आजोबा उठतात, पायाशी झोपलेलं मांजर पळतं, आणि ज्याच्या उशाशी तो ओरडतोय तो मात्र ढाराढूर. मग स्वयंपाकघरातून आई नुसतं "उठतोस ना रे?" म्हणते आणि हा पठ्ठ्या ताडकन उठून बसतो. सोंग करत होता का?

मुळीच नाही. डोळ्यांना पापण्या असतात, कानांना कुठे असतात? कान रात्रभर उघडेच. पंख्याची घरघर, गल्लीतली कुत्री, बाबांचं घोरणं, सगळं आत जातं. उठायचं की नाही, ते मेंदू ठरवतो.

1930च्या दशकात अमेरिकेत आल्फ्रेड लूमिस नावाचा गडगंज श्रीमंत माणूस होता. पदरच्या पैशाने त्याने स्वतःची प्रयोगशाळा थाटली आणि लोकांना तिथे चक्क झोपायला लावलं! (असा गृहपाठ कोणी देईल का?) त्यांच्या डोक्याला तारा चिकटवून मेंदूतल्या विजेच्या लाटा तो कागदावर उतरवायचा. हळूच आवाज केला, की बारक्या लाटांमधून मध्येच एक मोठी लाट उसळायची. माणूस मात्र झोपलेलाच! त्या लाटेला के-कॉम्प्लेक्स म्हणतात.

पुढे 1960 साली ब्रिटनमधल्या इयान ऑसवाल्ड आणि सहकाऱ्यांनी झोपलेल्या लोकांना टेपवर नावं ऐकवली. स्वतःचं नाव आलं, की ही लाट जास्त वेळा उसळे. तेच नाव उलटं वाजवलं, तर तेवढी नाही. म्हणजे झोपलेल्या सागरला ‘सागर’ आणि ‘रगास’ यांतला फरक कळतो म्हणा ना!

आता आपल्या अलार्मकडे येऊ. आग लागली की धुराचा अलार्मही असाच ओरडतो. पण त्याने लहान मुलं उठतच नसतील तर? मुलांची झोप मोठ्यांपेक्षा गाढ असते. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या संशोधकांनी 5 ते 12 वर्षांच्या 176 मुलांना गाढ झोपू दिलं आणि मग आवाज केले. नेहमीच्या टोकदार ‘पीं पीं’ने जेमतेम निम्मी मुलं उठली. आईच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजाने? दहातली जवळजवळ नऊ! तीही बरीचशी दोन-चार सेकंदांत. गंमत म्हणजे आईने नाव घेतलं काय, न घेतलं काय, फारसा फरक पडला नाही.

2018 साली ही बातमी आल्यावर आयांची कॉलर ताठ झाली असणार. पण संशोधक गप्प बसतात थोडेच! त्यांनी अनोळखी बाईचा आवाज लावून पाहिला, पुरुषाचाही लावला. मुलं तेवढीच पटापट उठली. अगदी खर्जातला भोंगासुद्धा चालला. फक्त ती टोकदार ‘पीं पीं’ मुलांच्या मेंदूपुढे फिकी पडली.

ही दुसरी बातमी आईला सांगायची की नाही, ते तुमचं तुम्ही बघा.