एकतीस भुतं आणि तीन ईसीजी

त्याचा केसपेपर माझ्यापुढे आला तेव्हा त्याला तीन ईसीजी टाचलेले होते. तिन्ही नॉर्मल. वय चोवीस, एका गोदामात रात्रपाळीला माल चढवण्या-उतरवण्याचं काम. दोन महिन्यांत तीन वेळा मध्यरात्रीनंतर कॅज्युअल्टीत आलेला. तक्रार दरवेळी तीच : छातीत धडधड, श्वास पुरत नाही, हातांना मुंग्या, ‘आता मी मरणार’ असं वाटणं. थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, टूडी इको, सगळं ठीक. मी रिपोर्ट चाळले आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं म्हणालो, ‘‘तुला काहीही झालेलं नाही. मनातून काढून टाक.’’

सोबत आलेल्या आईनं संधी साधली. ‘‘डॉक्टरसाहेब, हा मोबाइलवर भुताचे पिक्चर बघत बसतो. सुट्टीला तर दोन-दोन. तुम्हीच सांगा त्याला.’’ मी तेही सांगितलं. पोरगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘सर, पिक्चर बघतानाही छातीत असंच होतं. पण तेव्हा का होतंय ते माहीत असतं. आणि दोन तासांत संपणार हेपण.’’

बाहेर ओपीडीची रांग लागलेली होती. मी त्याला महिन्यानं बोलावलं. पण त्याचं ते वाक्य घरापर्यंत माझ्यासोबत आलं.

मी स्वतः भयपट पाहिला होता तो एमबीबीएसला असताना. हॉस्टेलवर भाड्यानं व्हीसीआर आणला होता आणि रामसे बंधूंचा ‘वीराना’ लावला होता. त्यानंतर रुग्णालयानं पुरेशी भीती दाखवली, वेगळी विकत घ्यावी लागली नाही. अमेरिकेत शिकणाऱ्या भाचीशी बोलताना हा विषय निघाला, तर ती म्हणाली, ‘‘मामा, इकडे ऑक्टोबरभर रोज एक हॉरर पाहतात. हॅलोविनपर्यंत ३१. आणि प्रत्येकावर चार ओळी लिहितात. तू करून बघ की!’’ सप्टेंबर संपत आला होता. मी वही काढली. कोविडच्या काळापासून कपाटात पडलेला पल्स ऑक्सिमीटर काढला आणि त्यात नव्या बॅटऱ्या घातल्या.

वहीत चार रकाने : सिनेमा, नाडी, झोप, आणि पाचपैकी गुण. हे संशोधन नव्हे, हे आधीच सांगतो. एका माणसाच्या बोटावरून कुठलाही सिद्धांत निघत नाही. पण डॉक्टरनं अधूनमधून स्वतःची नाडी बघावी, त्यातून काही ना काही शिकायला मिळतंच.

पहिल्या रात्री हिचकॉकचा ‘सायको’ (१९६०). न्हाणीघरातला प्रसंग येणार हे मला ठाऊक होतं, तरी व्हायोलिनच्या त्या किंचाळ्या सुरू झाल्या आणि बसल्या जागी ७२ असलेली नाडी ९८ वर गेली. यात संगीतकार बर्नार्ड हरमन यांचा वाटा मोठा. प्राण्यांच्या हाकांचा अभ्यास करणारे डॅनियल ब्लमस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवून दिलं की, भयपटांच्या ध्वनिपट्टीत असे कर्कश, फाटलेले आवाज मुद्दाम वापरलेले आढळतात. संकटात सापडलेलं जनावर ओरडतं तेव्हा त्याचा आवाज असाच फाटतो. पिल्लाची किंकाळी ऐकून आई उठते, तसं आपलं शरीर त्या आवाजाला उठतं. सिनेमा खोटा आहे हे मेंदूला माहीत असतं, कानाला नसतं. गुण : पाच.

तिसऱ्या रात्री ‘कॅट पीपल’ (१९४२). एक बाई रात्री निर्जन रस्त्यानं चालली आहे, कुणीतरी मागावर आहे, आता झडप पडणार असं वाटतं आणि फस्सकन आवाज करत पडद्यावर येते ती बस! सौ. शेजारी मटार सोलत बसल्या होत्या. अर्धे मटार जमिनीवर. ‘‘अहो, बस होती ना नुसती!’’ असं म्हणून त्या स्वतःवरच हसल्या. दचकणं ही मेंदूच्या बुंध्यातून चालणारी प्रतिक्षिप्त क्रिया आहे. सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वेळात डोळे मिटतात, मान आखडते, खांदे वर येतात. विचार मागून पोहोचतो. तो पोहोचून ‘अरे, बस आहे’ म्हणाला की हसू येतं. भयपटाची मजा या दोन क्षणांच्या मधल्या फटीत असते.

पण शरीरानं तोवर आपलं काम सुरू केलेलं असतं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात अॅड्रेनलिन सोडतात. हृदय जोरात आणि भरभर चालतं, रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळतं, बुबुळं मोठी होतात, तळहाताला घाम येतो, श्वास वाढतो. पळायची किंवा लढायची ही तयारी. समोर वाघ असो, सावकार असो की पडद्यावरची बस, तयारी तीच.

नेदरलँड्समधल्या लायडनच्या डॉक्टरांनी तर ‘भीतीनं रक्त गोठतं’ या म्हणण्याचीच परीक्षा घेतली. २४ निरोगी तरुणांना त्यांनी ‘इन्सिडियस’ हा भयपट आणि शॅम्पेनवरचा एक शांत माहितीपट दाखवला आणि दोन्हींच्या आधी-नंतर रक्त तपासलं. भयपटानंतर रक्त गोठवणारा ‘फॅक्टर आठ’ हा घटक वाढला होता. प्रत्यक्ष गुठळी होण्याची चिन्हं मात्र दिसली नाहीत. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या २०१५ च्या नाताळ अंकात हा अभ्यास आला. जखम होऊन रक्त वाहण्याआधीच शरीर बांधबंदिस्ती करून ठेवतं, असा त्याचा अर्थ लावता येतो.

पहिल्या आठवड्यात मी रात्री दहानंतर सिनेमा पाहत होतो आणि वहीतला झोपेचा रकाना बिघडत होता. एक वाजेपर्यंत डोळ्याला डोळा नाही आणि सकाळी राउंडला चिडचिड. आठव्या दिवसापासून वेळ संध्याकाळी सातची केली. झोप सुधारली. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी आणखी एक गोष्ट दिसली. अचानक आवाज झाला की मी दचकत होतोच, पण नाडी पूर्वीसारखी चढत नव्हती आणि चढली तरी लवकर उतरत होती. शरीर त्या धडधडीला सरावलं होतं.

सगळेच भयपट सारखे नव्हते. जपानी ‘रिंगू’ (१९९८) मध्ये रक्ताचा फारसा थेंबही नाही, तरी घरातला बंद टीव्ही दोन दिवस नकोसा झाला. ‘तुंबाड’ (२०१८) मध्ये न थांबणारा पाऊस आणि माणसाची हाव, या दोनच गोष्टी पुरल्या. ‘लपाछपी’ (२०१७) मधलं उसाचं रान मला भुतापेक्षा जास्त घाबरवून गेलं. त्यातली मुळातली गोष्ट मुली मारण्याची आहे, आणि ती आम्ही डॉक्टरांनी वॉर्डात ऐकलेली आहे. ‘झपाटलेला’ला नाडी चढली ती हसण्यानं. तात्या विंचूला पाच गुण, नाडी ८८.

तेराव्या रात्री ‘द एक्झॉर्सिस्ट’ (१९७३) लावला. भुतानं पछाडलेल्या मुलीचा हा सिनेमा. त्यातल्या फिरणाऱ्या मानेबद्दल नि हिरव्या ओकारीबद्दल बरंच ऐकलं होतं. ते पाहताना मला विशेष काही झालं नाही. मी अडकलो आधीच्या भागात. मुलगी आजारी आहे, आई तिला डॉक्टरांकडे नेते. एक्स-रे काढतात, मानेतल्या रोहिणीत सुई घालून मेंदूच्या रक्तवाहिन्यांची तपासणी करतात. फिल्म प्रकाशपेटीवर लागते. डॉक्टर बघतात आणि काही सापडलं नाही म्हणतात. आईचा चेहरा दिसतो. मी सिनेमा थांबवला. पाणी प्यायलो. त्या पांढऱ्या कोटात मी होतो, आणि हातात तीन नॉर्मल ईसीजी.

‘तुला काहीही झालेलं नाही’ हे वाक्य आम्हाला दिलासा वाटतं. रुग्णाला ते दारं बंद झाल्यासारखं ऐकू येतं. त्या मुलाला होत होतं ते खरंच होत होतं. त्याच्या अधिवृक्क ग्रंथींनी सोडलेलं अॅड्रेनलिन खरं होतं. भरभर श्वास घेतल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्यानं बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, गरगरतं. तेही खरंच. याला ‘पॅनिक अॅटॅक’ म्हणतात आणि तो वारंवार येऊ लागला, पुढचा कधी येईल या धास्तीत माणूस जगू लागला, की तो आजार असतो. सिनेमा आणि हा झटका यांत शरीराचा कारभार पुष्कळसा एकच. फरक त्यानं मला ओपीडीत सांगितलाच होता : सिनेमाचं कारण माहीत असतं, शेवट माहीत असतं आणि बंद करायचं बटण आपल्या हातात असतं.

भीतीचं मूळ किती खोल असतं हे आयोवा विद्यापीठातल्या एका रुग्णेनं विज्ञानाला शिकवलं. शास्त्रीय लेखांत तिला ‘एस. एम.’ म्हणतात. एका दुर्मीळ आजारानं तिच्या मेंदूतला अमिग्डाला हा बदामाएवढा भाग दोन्ही बाजूंनी नष्ट झालेला होता. तिला साप दाखवले, भयपट दाखवले, भुताटकीच्या इमारतीत नेलं. ती घाबरली नाही. हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. पण दोन वर्षांनी तिला कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा हुंगायला दिली, तेव्हा ती चक्क घाबरून तोंडावरचा मास्क काढू लागली. म्हणजे बाहेरून येणाऱ्या भीतीची वाट वेगळी आणि शरीराच्या आतून, गुदमरण्यातून येणाऱ्या भीतीची वेगळी. ज्याला भुताचं काही वाटत नाही त्यालाही पॅनिकचा झटका येऊ शकतो. ‘एवढे भुताचे पिक्चर बघतोस, मग घाबरतोस कशाला?’ हा प्रश्न म्हणूनच चुकीचा.

मग भयपट वाईट की चांगले? डेन्मार्कमधल्या एका ‘भूतघरा’त जाणाऱ्या ११० जणांच्या हृदयाचे ठोके मोजले तेव्हा (२०२०) आढळलं की, भीती फार कमी असली तर मजा नाही आणि फार जास्त असली तरी नाही. मधली पातळी सगळ्यात सुखाची. भाजीतल्या तिखटासारखं. कोविडच्या पहिल्या लाटेत ३१० जणांना विचारून केलेल्या अभ्यासात भयपटांच्या चाहत्यांनी मानसिक त्रास कमी झाल्याचं सांगितलं. यावरून सिनेमानं मन घट्ट होतं असं लगेच म्हणता येत नाही. मुळात घट्ट मनाची माणसंच असे सिनेमे पाहत असतील. पण भीतीची सुरक्षित रंगीत तालीम करता येते, ही कल्पना उपचारांतही आहे. पॅनिकच्या रुग्णाला तज्ज्ञाच्या देखरेखीखाली मुद्दाम भरभर श्वास घ्यायला, जागच्या जागी धावायला लावतात. धडधड होते, मुंग्या येतात आणि काही वेळानं ओसरतात. धडधड म्हणजे मरण नव्हे, हे शरीराला असं पटतं.

काही पथ्यं मात्र सांगायलाच हवीत. लहान मुलांना भयपट नको. खरं आणि नाटक यांतला फरक त्यांना पुरता कळत नसतो आणि लहानपणी पडद्यावर पाहिलेली भीती अनेकांच्या मनात मोठेपणीही राहते. ज्यांना नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही किंवा ज्यांना हृदयाच्या ठोक्यांचा आजार आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावं. गरोदर बाईला हौसेनं घाबरवू नये. एखाद्या आघातातून गेलेल्या माणसाला ‘एवढ्याला काय घाबरतोस’ म्हणून शेजारी बसवू नये, बटण त्याच्या हातात असावं. झोपेच्या निदान दोन तास आधी सिनेमा संपलेला बरा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : छातीत दुखणं, दम लागणं, घाम फुटणं हे पहिल्यांदा झालं तर ‘पॅनिक असेल’ असं घरी ठरवू नका. रुग्णालयात या, ईसीजी काढा. हृदय ठीक असल्याची खात्री झाली आणि तरी झटके येत राहिले, तर पुढचा रस्ता मानसोपचार विभागाचा आहे. समुपदेशन आणि औषधं या दोन्हींनी हा आजार चांगला आटोक्यात येतो. जिल्हा रुग्णालयांत ही सोय असते आणि केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येतं.

तो मुलगा सांगितल्याप्रमाणे महिन्यानं आला. मी आधी त्याला खुर्चीवर बसवलं. म्हणालो, ‘‘मागच्या वेळी मी तुला काही झालेलं नाही म्हणालो, ते चुकलं. तुला होतंय ते खरं आहे. त्याला नाव आहे आणि उपचारही आहे.’’ मग कागदावर हृदय आणि अधिवृक्क ग्रंथी काढून धडधड कुठून येते ते दाखवलं. आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या मानसोपचार विभागात चिठ्ठी देऊन पाठवलं. आई दाराशी थबकली. ‘‘आणि पिक्चरचं काय, डॉक्टरसाहेब?’’ मी म्हणालो, ‘‘बघू दे. पण कामावरून आल्यावर आधी झोप. पिक्चर सुट्टीला, दिवसा.’’

दिवाळीनंतर तो परत दिसला. मध्ये एकदा झटका आला होता, गोदामातच. तो कॅज्युअल्टीत आला नाही. पायरीवर बसून सावकाश श्वास सोडत राहिला, दहा-पंधरा मिनिटांत ओसरलं. ‘‘सर, संपणार हे माहीत होतं,’’ तो म्हणाला.

माझ्या वहीतल्या एकतीस नोंदींखाली मी त्याचं हे वाक्य लिहून ठेवलं आहे. गुणांचा रकाना त्यापुढे कोरा ठेवला.